अर्ध्या दारावरचा डावा खडा

मित्रांनो, गंगूने शेवटी देव व्हायला नकार दिला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही घडलंच नाही, आमच्या गावात तर मुळीच नाही. कोणालाही विचारा, लोक सांगतील की देव देवाच्या जागी होता, पोरगी पोरीच्या जागी होती आणि त्या दिवशी सगळे नुसते प्रसादाला जमले होते. तेव्हा आपण नीट पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुनं अर्धं दार आहे. अर्ध्या दाराने गोष्ट सांगावी का, हा प्रश्न रास्त आहे, पण पूर्वी मी पूर्ण होतो हे ध्यानात घ्या. आज जिथे मुळशीच्या धरणाचं पाणी आहे तिथे खाली आमचं गाव होतं, गावात भैरोबाचं देऊळ होतं, आणि सागाच्या दोन फळ्यांचं मी त्या देवळाचं दार होतो. भिकू सुताराने मला घडवलं, एकदा उघडून पाहिलं, एकदा लावून पाहिलं आणि तो जेवायला गेला. तेवढंच काम मी पुढे कित्येक वर्षं केलं. सकाळी उघडायचं, संध्याकाळी मिटायचं. दाराच्या आयुष्यात याहून मोठं काही घडू नये.

पाणी येणार हे साहेब लोकांनी आधी सांगितलं होतं. काही जण त्याविरुद्ध भांडले, तुरुंगात गेले. बाकीच्यांचा विश्वासच बसला नाही, कारण आमच्या खोऱ्यात पाणी आजवर वरून खाली जात आलं होतं. ते खालून वर येईल हे कोणाला पटेना. मग ते आलं. घाई न करता, पाहुण्यासारखं, घराघरात डोकावत आलं. लोकांनी आधी देव हलवला, मग घंटा, मग माझी एक फळी काढून बैलगाडीत घातली. दुसरीसाठी गाडी परत गेली तोवर ती छातीभर पाण्यात उभी होती, मिटलेली. ती अजून तिथेच आहे. वारा पडलेला असताना मी कधी कधी आपोआप करकरतो. तेव्हा खाली पाण्यात कोणीतरी आत गेलेलं असतं. बाहेर आल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

वर डोंगराच्या कुशीत नवं गाव बसलं, नवं देऊळ उभं राहिलं, त्याला नवं दार आलं. मला गावचे पाटील हैबतराव यांनी आपल्या गोठ्यात नेऊन आडवं टाकलं. देवाचं दार गोठ्यात कसं, असं कोणी विचारलं की ते सांगत, अर्ध्या दारात देव राहत नाही. गाईंनी मला चाटलं, माझ्यावर पाठ घासली, पण मला प्रश्न एकही विचारला नाही. गाईंचा हा मोठेपणा मला फार पुढे कळला.

देवाचं मात्र बिनसलं होतं. आमच्याकडे भैरोबाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि बसून राहतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वर आल्यापासून एकही पाकळी पडेना. दोन्ही तिथेच वाळायच्या आणि गेणबा गुरवाला त्या नखाने खरवडून काढाव्या लागायच्या. कोणी म्हणे देव रुसला. कोणी म्हणे देव खालीच राहिला, वर आला तो नुसता दगड. हे ते हळू आवाजात म्हणत, देवाने ऐकू नये म्हणून.

इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा जयाबाई आल्या. पुण्याहून पौडपर्यंत एस.टी.ने, पुढे पायी. न बोलणाऱ्या आणि उशिरा उमगणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. एवढं शिकून बाईंवर आमच्या गावात यायची वेळ आली, याचं गावाला मनापासून वाईट वाटलं. हैबतरावांच्या गाईंना तेव्हाच नवा गोठा मिळाला होता, म्हणून जुना बाईंच्या वर्गाला मिळाला. माझ्यासकट.

हा वर्ग बारक्या पोरांचा नव्हता. पहिलीत बसून बसून मोठी झालेली, मिसरूड फुटलेली मुलं आणि लुगडं नेसायला लागलेल्या मुली, ज्यांना शाळांनी हात जोडून घरी पाठवलं होतं, ती आसपासच्या वाड्यांमधून इथे येत. बाई त्यांना बडबडगीतं शिकवत नसत. वय हायस्कुलाचं आहे तर शाळाही हायस्कुलाचीच, असं त्यांचं म्हणणं. कुठे दुखतंय ते कसं दाखवायचं, बाजारात माप कसं बघायचं, परक्या माणसाने हात धरला तर काय करायचं, हे तिथले विषय होते. गाव त्याला मुक्यांचं हायस्कूल म्हणे.

त्या वर्गात कान्हू होता. त्याच्याकडे एकच वाक्य होतं, "गाडी आली." भूक लागली की गाडी आली, पोटात दुखलं की गाडी आली, खुदकन हसू आलं तरी गाडी आली. एकदा खरोखर एक जीप वाट चुकून गावात आली, तेव्हा तो गप्प राहिला.

आणि गंगू होती. डोंगरावरच्या वाडीतल्या धाकलूची लेक, पंधरा-सोळा वर्षांची. तिच्याकडे एकही वाक्य नव्हतं. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या हनुवटीकडे बघत राही आणि मग सांगितलेलं सगळं करी. धाकलू अभिमानाने सांगायचा की माझी पोरगी कशालाच नाही म्हणत नाही. हे ऐकून बाईंच्या कपाळाला आठी पडली. का ते मला तेव्हा कळलं नाही.

आल्या आल्या बाई एकदा देवळात गेल्या होत्या. गेणबा पाकळ्या लावून बसला होता. कौल म्हणजे काय ते त्याने समजावलं आणि मग दोघं बराच वेळ दगडाकडे बघत बसली.

"हा बोलत नाही, तरी तुम्ही थांबता?" बाईंनी विचारलं.

"देव हाय बाई. देवासाठी थांबाय नगं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला दोन दगडांवर आडवं ठेवलं, माझ्या मधोमध खडूने रेघ ओढली आणि गंगूच्या हातात एक खडा दिला. हो असेल तर रेघेच्या उजवीकडे ठेव, नाही असेल तर डावीकडे. तुला तहान लागली का? एवढं विचारून त्या थांबल्या. देवासाठी थांबतात तशा थांबल्या. छपराच्या कौलांमधल्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप माझ्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेली. तेव्हा कुठे खडा उजवीकडे आला, आणि बाईंनी तिला पाणी दिलं. मित्रांनो, मी देवाचं दार होतो, पण एखाद्याला मागितलेली गोष्ट मिळताना मी पहिल्यांदाच पाहिली.

हो म्हणणं सगळ्यांना पटकन आलं. त्या मुलांना जन्मापासून तेवढंच शिकवलं होतं. मिरची खाशील का? उजवीकडे. दगड खाशील का? उजवीकडे. कान्हूला विहिरीत टाकू का? उजवीकडे, आणि सर्वांत आधी कान्हूचा खडा. नाही म्हणायला शिकवण्यात बाईंचा अख्खा हिवाळा गेला. हाच या हायस्कुलातला सगळ्यात अवघड विषय होता.

शेवटी तो सुटला तो बाईंच्या भाकरीमुळे. बाई पुण्याच्या, भाकरी त्यांना येत नसे. ती भाकरी माझ्यावरच ठेवली होती म्हणून सांगतो, ती माझ्याहून टणक होती आणि मी सागाचा आहे. बाईंनी गंगूला विचारलं, घेतेस का? गंगूने भाकरी पाहिली, बाईंची हनुवटी पाहिली, आणि खडा डावीकडे ठेवला. बाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना गूळ वाटला. कोणाच्याही भाकरीला एवढं यश मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यानंतर वर्गात नाहीची साथच आली. कान्हू खड्याने घरी जायला नाही म्हणाला आणि त्याची आई, रत्नाबाई, दिवेलागणीपर्यंत वर्गाच्या अंगणात बसून राहिली. पोरं बिघडवली म्हणून लोक हैबतरावांकडे गेले आणि हैबतराव बाईंना समज द्यायला वर्गावर आले. त्यांचं मन आधीच ठिकाणावर नव्हतं, कारण त्यांची म्हैस हरवली होती. दारात येऊन ते बघतात तो काय, भैरोबाच्या जुन्या दारावर मधोमध रेघ, समोर न बोलणारी पोर, आणि बाई प्रश्न विचारतायत आणि खडा उजवा-डावा पडतोय. इतकी वर्षं गावात जे घडलं नव्हतं ते त्यांच्या गोठ्यात घडत होतं.

हैबतरावांनी वहाणा काढल्या. हात जोडले. "म्हस घावंल का?"

गंगूने खडा लगेच उजवीकडे ठेवला. त्या सकाळी वर्गाला येताना तिने ती म्हैस पाहिली होती. धरणाच्या काठाला, नाक तेवढं वर ठेवून पाण्यात बसलेली. पण कुठे आहे हे तिला कोणी विचारलं नाही. म्हैस संध्याकाळी आपल्या पायाने घरी आली, आणि मग जे व्हायचं ते झालं.

लोक यायला लागले. विहिरीला पाणी लागेल का, सून नांदायला येईल का, कोंबडी शेजारणीने नेली का. गंगूला जे माहीत होतं त्याचं उत्तर ती द्यायची. जे माहीत नव्हतं त्याला ती खडा मुठीत धरून बाईंकडे बघायची. तेव्हा लोक एकमेकांना गप्प करायचे, कारण देव विचारात पडला होता. तिच्यासाठी आजवर कोणी क्षणभर थांबलं नव्हतं, आता पंचवीस माणसं श्वास धरून थांबत होती, आणि तिच्यासाठी तरीही नव्हती. ही माझी विद्यार्थिनी आहे, असं बाई रोज सांगत. लोक मान डोलावत आणि नारळ ठेवून जात. कान्हूच्या गाडीचाही गेणबाने अर्थ लावला. गाडी आली म्हणजे काम होणार.

वर्ग होईना. बाकीची मुलं भिंतीला टेकून बसून राहत. गंगू खडा पदराखाली लपवायला लागली.

चैत्रातली जत्रा तोंडावर आली तेव्हा हैबतरावांनी ठरवलं की गोठ्यात देव ठेवणं गावाला शोभत नाही. गंगूला देवळातच बसवायचं. तिथेच राहील, तिथेच जेवेल, विचारतील त्याचा कौल देईल. धाकलूच्या घरी सालभराचं भात पोचतं होईल. जयाबाई भांडल्या. पोरगी शिकतेय, तिला अजून कितीतरी शिकायचंय, असं म्हणाल्या.

हैबतराव समजुतीने म्हणाले, "बाई, देवाला शाळा लागत न्हाई."

आता धाकलूला त्या देवळाची पायरी चढता येत नसे. डोंगरावरच्या माणसांनी खाली उभं राहूनच नमस्कार करायचा, अशी रीत. त्याच देवळात त्याची लेक कायमची आत बसणार होती. धाकलूने पायरीखाली उभं राहून होकार दिला. घरात तेव्हा काय शिजत होतं ते मला ठाऊक नाही. काही शिजत नसावं.

अडवलं ते गेणबा गुरवाने. पोरगी बसली तर माझं काय, हा त्याचा खरा प्रश्न होता, पण तो बोलला ते रीतीचं. देवळात काहीही बदलायचं तर आधी देवाचा कौल घ्यावा लागतो. पाकळ्या तर पडत नाहीत. म्हणजे हाही कौल दारावरच घ्यायचा, गंगूच्याच हाताने. हैबतरावांना हे पटलं. गंगू कशालाच नाही म्हणत नाही, हे धाकलूने त्यांना सांगून ठेवलं होतं.

जत्रेच्या दुपारी मला उचलून, पायऱ्या चढवून देवळासमोर आणलं. उन्हाळा होता, पाणी खाली गेलं होतं. वरून मला जुन्या देवळाचा माथा दिसला, गाळाने माखलेला, उन्हात वाळत पडलेला. माझ्या दुसऱ्या फळीपर्यंत पाणी उतरत नाही. पण त्या दिवशी मी वारा नसताना करकरलो आणि माझ्याभोवती बसलेल्या बायका सरकून बसल्या.

गंगूला नवं लुगडं नेसवलं होतं. बाईंनी तिच्या हातात खडा दिला आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हैबतरावांनी गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "देवा, हिला हितं बसवू का?"

गंगूने आधी हैबतरावांची हनुवटी पाहिली. मग पायरीखाली उभ्या बापाची. तिची मूठ माझ्यावर आली, उजवीकडे. ती तिथे थांबली. मूठ मिटलेली होती आणि घामाने ओली होती, तो ओलावा माझ्या लाकडात उतरला. "गाडी आली," कान्हू म्हणाला. मग मूठ रेघ ओलांडून गेली आणि खडा डावीकडे पडला.

पहिल्यांदा कोणालाच काही वाटलं नाही. मग सगळ्यांना एकदम वाटलं.

हैबतराव म्हणाले, देव नाही म्हणतोय, म्हणजे देव हिच्यात नाही, विषय संपला. लोक उठायला लागले. तेवढ्यात गेणबा डोकं खाजवत म्हणाला, "पाटील, देव हिच्यात न्हाई, तर मग न्हाई म्हनलं कोन?"

लोक परत बसले. देव तिच्यात असेल तर त्याचं ऐकायला हवं, आणि तो तर बसवू नका म्हणतोय. देव तिच्यात नसेल तर बसवायचं कोणाला? दोन्हीकडून पोरगी सुटत होती. गावातली सर्वांत म्हातारी गोजराबाई म्हणाली, घाईत झालं असंल, फिरून इचारा. फिरून विचारलं. खडा पुन्हा डावीकडे, आणि या वेळी जरा जोरात. माझ्यावर त्याचा वण आहे. ऊन कलेपर्यंत गाव त्या एका प्रश्नाभोवती बसून होतं. मग न्हाई म्हनलं कोन?

"गंगू," जयाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. तो पर्याय आजवर कोणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि बाईंनी सांगितल्यावरही आला नाही. लोकांनी सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

आणि तेव्हा हैबतरावांची नजर माझ्यावर पडली. तसं बघणं मी पूर्वी फक्त सुतारांचं पाहिलं होतं. पोरगी येण्याआधी दार होतंच की नाही? म्हैस सापडली ती दारावर. डावा खडा पडला तोही दारावर. "देव दारात हाय," ते म्हणाले. अर्ध्या दारात देव राहत नाही याची आठवण कोणी त्यांना करून दिली नाही. गेणबाच्या चेहऱ्यावर तर तेज आलं. दार जेवत नाही आणि त्याला पगार लागत नाही. सूर्य मावळायच्या आत मला शेंदूर फासून गाभाऱ्याशी उभं केलं.

तिथून मला खालचं अंगण दिसत होतं. सगळे पांगले. गंगू पायऱ्या उतरून बापासमोर उभी राहिली. त्याचं सालभराचं भात नुकतंच हातचं गेलं होतं.

"पोरी," तो हळू म्हणाला, "त्यो न्हाई तुजाच ना?"

आणि मग धाकलू थांबला. त्याला कोणी थांबायला शिकवलं नव्हतं. गंगूने त्याचा उजवा हात धरला, पंजा उघडला आणि त्यावर खडा ठेवला. धाकलूने मूठ मिटली आणि दोघं डोंगराची वाट चढायला लागली.

दुसऱ्या दिवशी गंगू वर्गात गेली. माझ्यावाचून वर्गाचं काही अडलं नाही. बाईंनी जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि शाळा सुरू झाली. आता तिथे हो आणि नाहीच्या पुढे जायचं चाललंय म्हणे. "कुठे" कसं विचारायचं आणि "का" कसं विचारायचं. म्हशीच्या वेळी कोणी विचारलं नाही ते. हे मला गेणबाच्या बडबडीतून कळतं.

माझं म्हणाल तर, मित्रांनो, माझा मान फार वाढला. लोक माझ्या दोन्ही कडांना ओल्या पाकळ्या लावतात आणि विचारतात. पाकळ्या कधी कधी पडतात. वारा येतो, लाकूड सुकतं, मुंगी चालते, कारणं पुष्कळ असतात. त्यावर लग्नं मोडली, बांध सरकले, एका घराने बोलणं टाकलं. मला सांगायचं असतं की मी सांगितलं नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की मी करकरतो, खाली कोणीतरी आत जातं, आणि वर लोक हात जोडतात.

गंगू कधी कधी येते. तिला पायरीवर अडवायचं की नाही हे कोणाला ठरवता येत नाही, कारण ती काही दिवस देव होती की काय याचा निकाल लागलेला नाही. म्हणून ती सरळ वर येते. पदराने माझ्यावरचा थोडा शेंदूर पुसते, माझ्यासमोर खडा ठेवते आणि थांबते. बाकीचे उत्तरासाठी थांबतात. ती माझ्यासाठी थांबते. ऊन माझ्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातं. मग ती खडा उचलते आणि शाळेला जाते.

सबब, मेहेरबान शिक्षणाधिकारी साहेब यांचे सेवेशी सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार अर्धे दार, राहणार भैरोबाचे देऊळ, तालुका मुळशी, यास जयाबाईंच्या वर्गात विद्यार्थी म्हणून दाखल करून घेण्याचा हुकूम व्हावा. अर्जदारास बोलता येत नाही. चालता येत नाही. वय शाळेचे राहिलेले नाही, तथापि सदर वर्गात याच कारणासाठी दाखल केलेले विद्यार्थी पूर्वीपासून आहेत. शेंदूर स्वखर्चाने काढून येण्याची तयारी आहे. पुढील शिक्षणाची अपेक्षा नाही, फक्त नाही म्हणण्यास शिकवावे. अर्जाबाबत काही विचारणे असल्यास समक्ष येऊन विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत कृपया जाऊ नये.